भुजबळ ‘कधीच पडले नाहीत’ आणि ‘येवल्यात मतं निम्मी झाली’: दोन्ही दावे कुठे घसरतात

निवडणूक जवळ आली की नाशिक जिल्ह्यात छगन भुजबळांच्या नावाने दोन मजकूर मोबाइलवर फिरू लागतात. समर्थकांचा मजकूर म्हणतो, ‘साहेब १९८५ पासून सलग आमदार, कधीच पडले नाहीत, जेलमध्ये असतानाही येवल्याने निवडून दिलं.’ विरोधकांचा म्हणतो, ‘दर वेळी पक्ष बदलून निवडून येतात, येवला म्हणजे आयती सेफ सीट, २०१४ ला पाच महिन्यांत तेच मतदार फिरले आणि २०२४ ला मतं निम्म्यावर आली.’ दोन्ही बाजू आकडे फेकतात. ते कुठल्या मतदारसंघाचे, समोर कोण होतं आणि चिन्ह काय होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. भुजबळ आवडतात की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. कारकीर्द सार्वजनिक नोंदीत आहे, ती पाहू.

आधी येवल्याचे पाच निकाल एका जागी मांडतो, पुढे ते पुन्हा पुन्हा लागतील.

२००४: भुजबळ ७९,३०६, शिवसेनेचे कल्याणराव पाटील ४३,६५७. लीड ३५,६४९.
२००९: भुजबळ १,०६,४१६, शिवसेनेचे माणिकराव शिंदे ५६,२३६. लीड ५०,१८०.
२०१४: भुजबळ १,१२,७८७, शिवसेनेचे संभाजी पवार ६६,३४५. लीड ४६,४४२.
२०१९: भुजबळ १,२६,२३७, पुन्हा संभाजी पवार ६९,७१२. लीड ५६,५२५.
२०२४: भुजबळ १,३५,०२३, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे माणिकराव शिंदे १,०८,६२३. लीड २६,४००.

‘१९८५ पासून सलग आमदार, कधीच पडले नाहीत’

दोनदा पडले, आणि दोन्ही पराभव ठळक आहेत. पहिला १९९५ चा, मुंबईतल्या माझगावमध्ये. १९८५ आणि १९९० ला याच मतदारसंघाने त्यांना शिवसेनेकडून विधानसभेत पाठवलं होतं. १९९५ ला काँग्रेसकडून उभे राहिले आणि शिवसेनेच्या बाळा नांदगावकरांनी त्यांना पाडलं. दुसरा पराभव २०१४ चा, नाशिक लोकसभेत. हेमंत गोडसेंना ४,९४,७३५ मतं, भुजबळांना ३,०७,३९९. फरक १,८७,३३६.

‘सलग’ हा शब्द टिकवायचा तर विधान परिषद मोजावी लागते. १९९५ च्या पराभवानंतर ते परिषदेत गेले, तिथे विरोधी पक्षनेते झाले, आणि १९९९ ला उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तीही परिषदेचे सदस्य म्हणूनच. म्हणजे १९९५ ते २००४ ही नऊ वर्षं ते विधानसभेचे सदस्य नव्हते. लोकांनी थेट निवडून दिलेल्या विधानसभेच्या टर्म मोजल्या तर सात होतात: माझगावच्या दोन, येवल्याच्या पाच. सात हा आकडा कमी नाही. त्याला ‘सलग’ची झालर लावायची गरज समर्थकांना का पडते, कळत नाही.

‘जेलमधून निवडून आले’

या दाव्याला फक्त तारखा पुरतात. २०१४ च्या विधानसभेचं मतदान १५ ऑक्टोबरला झालं, मोजणी १९ ला. ईडीने अटक केली १४ मार्च २०१६ ला. मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला ४ मे २०१८ ला. पुढची विधानसभा ऑक्टोबर २०१९ ची. तुरुंगातला सगळा काळ दोन निवडणुकांच्या मधे येतो. तुरुंगातून अर्ज भरणं, तुरुंगातून प्रचार, असलं काही घडलंच नाही.

मग हे डोक्यात बसलं कुठून? दोन गोष्टींचा घोळ असावा. एक म्हणजे अटकेच्या काळातही ते येवल्याचे आमदार होते. आमदारकी अटकेने जात नाही. बहुतेक गुन्ह्यांत दोषी ठरून दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार अपात्रता येते. दुसरं म्हणजे जुलै २०१७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. त्या वेळी न्यायालयाच्या परवानगीने त्यांना मतदानासाठी तुरुंगातून विधानभवनात आणलं होतं. मत द्यायला जेलमधून आले, त्याचं पुढे ‘जेलमधून निवडून आले’ झालं असेल.

‘दर वेळी पक्ष बदलून निवडून येतात’

इथे चिन्हांचा क्रम लावला की दावा उलटाच पडतो. १९८५ ला माझगावमध्ये शिवसेनेकडून चिन्ह होतं मशाल. शिवसेनेला तेव्हा स्वतःचं राखीव चिन्ह नव्हतं, आणि त्या विधानसभेत पक्षाचे ते एकटेच आमदार होते. १९९० ला धनुष्यबाण. १९९५ ला हात, आणि पराभव. नंतर २००४ ते २०२४ या येवल्यातल्या पाचही निवडणुका घड्याळावर. सात विजयांपैकी पाच एकाच चिन्हावरचे आहेत.

पक्ष बदलून पुन्हा त्याच मतदारसंघात, त्याच मतदारांसमोर जाण्याची वेळ त्यांच्यावर किती वेळा आली, हे पाहणं जास्त उपयोगी. १९९१ ला शिवसेना सोडली आणि १९९५ ला माझगावकरांकडे परत गेले: पडले. १९९९ ला काँग्रेसमधून राष्ट्रवादीत आले तेव्हा परिषदेत होते, त्यामुळे लगेच थेट मतदारांसमोर जायचा प्रश्नच आला नाही. २००४ ला पक्ष पाच वर्षं जुना आणि मतदारसंघ नवा होता. २०२३ ला शरद पवारांची साथ सोडून अजित पवारांबरोबर गेले, आणि २०२४ ला येवल्यात निवडून आले खरे, पण लीड निम्म्याहून कमी झालं. म्हणजे पक्षांतरानंतर जुन्याच मतदारांकडे दोनदा गेले. एकदा जागा गेली, एकदा लीड गेलं. पक्ष बदलणं त्यांना फुकट पडलं, असं या नोंदीवरून म्हणता येत नाही.

याच मेसेजला बहुधा एक शेपूट असतं: ‘१९९१ ला पक्षांतरबंदी कायदा धाब्यावर बसवला.’ कायदा तेव्हाही होता, १९८५ पासून. पण त्या कायद्याच्या, म्हणजे राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीच्या, तिसऱ्या परिच्छेदात विधिमंडळ पक्षातल्या एक तृतीयांश सदस्यांनी वेगळा गट केला तर त्याला ‘फूट’ मानून संरक्षण होतं. १९९० ला शिवसेनेचे ५२ आमदार निवडून आले होते. त्याचे तृतीयांश १७.३३, म्हणून कमीत कमी १८ सह्या हव्यात. भुजबळांच्या गटाच्या बातम्यांत १८ हा आकडा सतत येतो, त्याचं मूळ या गणितात आहे. त्यातले बरेच जण नंतर परतले, तो भाग वेगळा. ही एक तृतीयांशची पळवाट ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ साली बंद झाली. त्यामुळे २०२३ ला तो मार्ग उपलब्धच नव्हता. अजित पवार गटाने ‘आम्ही फुटलो नाही, पक्ष आम्हीच’ अशी भूमिका घेतली ती त्यामुळेच. निवडणूक आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ ला नाव आणि घड्याळ त्यांना दिलं, आणि त्याच महिन्यात विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. हे योग्य की अयोग्य यावर वाद घाला, पण १९९१ आणि २०२३ या दोन वेळच्या कायद्यांची सरमिसळ नको.

‘२०१४ ला पाच महिन्यांत तेच मतदार फिरले’

मे मध्ये पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी पडलेला माणूस ऑक्टोबरमध्ये ४६ हजारांनी येतो, यावर दोन्ही बाजूंनी बरंच पांडित्य झालंय. कुणी म्हणतं मोदी लाट ओसरली, कुणी म्हणतं मतदारांना पश्चात्ताप झाला, आणि कुणी थेट मशीनवरच संशय घेतो.

यातलं काहीच आणायची गरज नाही. येवला नाशिक लोकसभेत येतच नाही. नाशिक लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ आहेत: सिन्नर, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी. येवला येतो दिंडोरी लोकसभेत, नांदगाव, कळवण, चांदवड, निफाड आणि दिंडोरी यांच्या जोडीला. उरलेले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे जिल्ह्यातले तीन मतदारसंघ धुळे लोकसभेत आहेत. २४ एप्रिल २०१४ ला येवला, अंदरसूल, लासलगाव, विंचूर इथल्या मतदारांसमोरच्या मशीनवर भुजबळांचं नाव नव्हतंच. तिथे लढत होती भाजपचे हरिश्चंद्र चव्हाण आणि राष्ट्रवादीच्या भारती पवार यांच्यात. भुजबळांना पाडलं ते सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, सिन्नर, इगतपुरी या पट्ट्यातल्या मतदारांनी. येवल्याने ना त्यांना पाडलं, ना नंतर मन बदललं.

‘मग ते स्वतःच्या लोकसभा मतदारसंघात का उभे राहिले नाहीत?’ असाही टोमणा असतो. दिंडोरी अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. तिथे त्यांना अर्जच भरता येत नाही. नाशिक हाच जवळचा खुला मतदारसंघ, आणि २००९ ला तिथून त्यांचे पुतणे समीर भुजबळ खासदार झाले होते, मनसेकडून लढलेल्या याच गोडसेंना २२,०३२ मतांनी हरवून. पाच वर्षांनी गोडसे शिवसेनेचं तिकीट घेऊन युतीतून लढले आणि आकडे पार पालटले. अभ्यास करायचा तर तो २००९ आणि २०१४ च्या नाशिक लोकसभेचा करायला हवा. तिथे निदान मतदारसंघ तरी तोच आहे.

‘येवला ही आयती सेफ सीट’

१९९५ आणि १९९९ अशा दोन्ही वेळा येवल्याचे आमदार शिवसेनेचे कल्याणराव पाटील होते. २००४ ला भुजबळांनी हरवलं ते त्यांनाच, म्हणजे बसलेल्या आमदाराला. दोन टर्म दुसऱ्या पक्षाकडे असलेली जागा उपऱ्या उमेदवाराने ३५ हजारांनी घेतली, तिला त्या वेळी तरी सेफ म्हणता येणार नाही. सेफ झाली असेल तर ती नंतर.

नंतरचं मोजतानाही एक खाचखळगा आहे. २००४ ची निवडणूक जुन्या हद्दींवर झाली आणि २००९ पासूनच्या सगळ्या २००८ च्या फेररचनेनंतरच्या हद्दींवर. आजच्या ११९ क्रमांकाच्या येवला मतदारसंघात येवला तालुक्याबरोबर निफाड तालुक्यातला लासलगाव-विंचूरचा भाग आहे. त्यामुळे ३५ हजारांवरून ५० हजारांवर गेलेलं लीड ‘पाच वर्षांतल्या कामाची पावती’ म्हणून मिरवणं जितकं कच्चं, तितकंच ते नाकारणंही. तुलना करायची तर २००९ पासून पुढे करा.

त्यातही २०१४ सारखं वर्ष दुसरं नाही. सप्टेंबरच्या शेवटी युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या आणि चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले. विरोधी मतं शिवसेना, भाजप आणि काँग्रेस अशी विभागली, तरी भुजबळांना १,१२,७८७ मतं पडली, म्हणजे काँग्रेसची साथ असलेल्या २००९ पेक्षा सहा हजारांनी जास्त. लीड मात्र जवळपास चार हजारांनी कमी. मतं वाढली आणि लीड घटलं, हे एकाच वेळी होऊ शकतं. पुढच्या दाव्याचा सगळा गोंधळ इथेच आहे.

‘२०२४ ला मतं निम्म्यावर आली’

मतं वाढली. १,२६,२३७ वरून १,३५,०२३, म्हणजे ८,७८६ जास्त. निम्म्याहून खाली आलं ते लीड: ५६,५२५ वरून २६,४००. लीडमधली ३०,१२५ ची घट आली कुठून? भुजबळांची मतं वाढली ८,७८६ ने, पण दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची २०१९ च्या तुलनेत वाढली ३८,९११ ने. दोन्हींची वजाबाकी नेमकी ३०,१२५.

पहिल्या दोन उमेदवारांची मतं एकत्र धरून भुजबळांचा वाटा काढला तर चित्र जास्त स्वच्छ दिसतं. २००९ ला सुमारे ६५ टक्के, २०१४ ला ६३, २०१९ ला ६४, आणि २०२४ ला ५५. तीन निवडणुका जवळपास जागेवर असलेला वाटा एका झटक्यात नऊ टक्क्यांनी उतरला. समर्थकांनी ‘मतं वाढली’ म्हणून हे झाकू नये. २६,४०० चं लीड म्हणजे १३,२०१ मतदारांनी इकडचं तिकडे केलं असतं तर निकाल बदलला असता. २०१९ ला त्यासाठी २८,२६३ लागले असते.

हे का झालं, यावर एकच कारण छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मराठा आरक्षण आणि कुणबी प्रमाणपत्रांवरून मनोज जरांगे आणि भुजबळ उघड आमनेसामने होते. राष्ट्रवादी फुटली होती. आणि समोरचा उमेदवार नवखा नव्हता, माणिकराव शिंदे २००९ ला भुजबळांविरुद्ध लढलेले. तिन्ही गोष्टी एकाच निवडणुकीत आल्या. निकालपत्रावर जात लिहिलेली नसते, त्यामुळे ‘अमुक समाजाची इतकी टक्के मतं फिरली’ हे वाक्य कुठल्याही अधिकृत कागदातून निघत नाही.

गावनिहाय अंदाज मात्र घेता येतो. त्यासाठी लागतो नमुना २०, म्हणजे प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली त्याचा अंतिम तक्ता. तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघ क्रमांकाने मिळतो. वाचताना लोक ठरलेल्या चार ठिकाणी चुकतात.

शेवटच्या पानावर मशीनची बेरीज वेगळी आणि टपाली मतं वेगळी असतात, त्याखाली एकूण. घाईत मशीनची बेरीज उचलली की आकडा अधिकृत निकालाशी जुळत नाही, आणि मग ‘मतं गायब’ची पोस्ट तयार होते. दुसरं, केंद्र क्रमांक दर निवडणुकीला तेच राहत नाहीत. मतदार वाढले की केंद्र फोडतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०१९ चं केंद्र ८० आणि २०२४ चं केंद्र ८० हे वेगळ्या गावांचं असू शकतं. म्हणून क्रमांकाने जुळवू नका, केंद्रांच्या यादीतून गावाचं आणि शाळेचं नाव काढून जुळवा. एकाच गावाची तीन-चार केंद्रं असतील तर ती आधी एकत्र बेरजेत घ्या. तिसरं, ‘नोटा’. २०१३ पासून तो पर्याय आला. टक्केवारी काढताना छेदात नोटा धरला की नाही हे ठरवून ठेवा, नाहीतर २००९ आणि २०१९ ची तुलना फसते. डिपॉझिटसाठी लागणारी एक षष्ठांश वैध मतं मोजताना नोटा धरत नाहीत. चौथं, लोकसभेचा नमुना २० वेगळा असतो. येवल्याच्या केंद्रांची लोकसभेतली मतं हवी असतील तर दिंडोरीच्या फाइलमध्ये येवला विधानसभेचा भाग शोधा. नाशिकच्या फाइलमध्ये तो सापडत नाही, आणि ‘आकडे लपवले’ म्हणून बोंब मारणारे बहुतेक तिथेच शोधत असतात.

लोकसभेच्या आकड्यांवरून विधानसभेचं भाकीत करणाऱ्यांसाठीही २०२४ मध्ये धडा होता. दिंडोरीत मे-जूनमध्ये राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे लाखाहून जास्त मतांनी आले, तेही ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या त्यांच्या चिन्हाशी मिळतंजुळतं तुतारी हे चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाने लाखभर मतं घेतलेली असताना. नोव्हेंबरमध्ये त्याच दिंडोरीतले सहाच्या सहा विधानसभा मतदारसंघ महायुतीकडे गेले. येवला त्यातला एक. म्हणजे २०२४ ची घट मोजताना मापदंड कुठला, हेही आधी ठरवा. २०१९ च्या विधानसभेशी ताडलं तर ती घसरण आहे. त्याच वर्षीच्या लोकसभेशी ताडलं तर महायुतीसाठी ती सावरासावर आहे.

‘भुजबळ नाव लावलं की जिल्ह्यात कुठेही निवडून येतं’

शेजारच्या नांदगावचा निकाल पाहा. छगन भुजबळांचे चिरंजीव पंकज तिथून २००९ आणि २०१४ ला आमदार झाले, २०१९ ला शिवसेनेच्या सुहास कांदेंनी त्यांना हरवलं. २०२४ ला समीर भुजबळ तिथेच अपक्ष उभे राहिले आणि कांदेंकडूनच पडले. त्याच दिवशी, त्याच मोजणीत, तालुक्याची हद्द ओलांडली की येवल्यात छगन भुजबळ निवडून आले होते.

‘२०२४ ला लोकसभेलाही पडले’

उभेच नव्हते. नाशिकसाठी त्यांच्या नावाची बरीच चर्चा झाली, एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच माघार जाहीर केली आणि अर्ज भरला नाही. त्या निवडणुकीत पडले ते हेमंत गोडसे, आणि निवडून आले शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे राजाभाऊ वाजे.